सात घरांचे वार: बार्देशातलं एक प्रकरण

जानेवारीचा दुसरा आठवडा. बार्देश तालुक्यातल्या एका गावात लग्नघर. लग्न शनिवारी होतं आणि त्याआधीच्या मंगळवारी घरच्यांनी भिकाऱ्यांचं जेवण घातलं. गोव्यातल्या कॅथलिक घरांत ही जुनी रीत आहे. लग्नाआधी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं गोरगरिबांना बोलवायचं, पाहुण्यासारखं बसवायचं, घरच्यांनी स्वतःच्या हातानं वाढायचं आणि जेवून झाल्यावर त्यांनी त्या आत्म्यांसाठी प्रार्थना करायची. आपल्या श्राद्धाच्या पानाची आठवण यावी असाच प्रकार. फरक एवढाच, की पान कावळ्यापुढं नाही, माणसापुढं ठेवायचं.

अडचण अशी की आता असे भिकारी मिळत नाहीत. रस्त्यावर माणसं आहेत, पण घराला ओळखीची, हाक मारली की येणारी, प्रार्थना पाठ असलेली माणसं राहिली नाहीत. म्हणून बरीच घरं हल्ली जेवणाचे डबे वृद्धाश्रमात पोचवतात. या घरातल्या आजीला ते पसंत नव्हतं. तिचा नातू गाडी घेऊन म्हापशाला गेला आणि पाच जणांना बसवून घेऊन आला. कदंबच्या बसस्थानकाशेजारून आणलेला पाचवा माणूस म्हणजे हे प्रकरण.

मी वैद्यकीय समाजसेविका आहे. मूळची दोडामार्गची, लग्नानंतर बार्देशात. माझ्याकडं ही गोष्ट अकराव्या दिवशी आली, तीही भाषेपायी. ‘बाई, हो मनीस मराठी उलयता, पूण तुमची न्हय, वेगळीच,’ असं मला फोनवर सांगण्यात आलं. ती सोलापूरकडची होती. इथं मी त्यांना नुसतं काका म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका बासष्टचे. आयुष्य यंत्रमागावर गेलं. माग बंद पडल्यावर एका ठेकेदारानं बांधकामावर राखणदार म्हणून गोव्यात आणलं. काम संपलं, ठेकेदार अडीच महिन्यांचा पगार न देता गेला, मोबाइल आणि पाकीट असलेली पिशवी स्थानकावर झोपेत गेली. डाव्या टाचेला खिळा लागला होता. त्यांना तो लागल्याचं कळलंच नव्हतं, कारण मधुमेहानं पायाची जाणीव कधीच कमी झाली होती.

त्या पंगतीतला एक प्रसंग आजीनं मला नंतर दोनतीनदा सांगितला. भात, बांगड्याची आमटी, भाजी, लोणचं आणि शेवटी वोण, म्हणजे हरभऱ्याची डाळ, गूळ आणि नारळाचा रस घालून केलेली खीर, असा बेत होता. आजीनं काकांना बांगड्याचा मधला तुकडा वाढला. काकांनी हात आखडला. आमटीचा ओघळ भाताला लागू नये म्हणून बोटांनी भाताचा बांध घातला आणि पलीकडचा कोरडा भात लोणच्याशी खाऊ लागले. आजीला वाटलं, मागून खातो आणि वर नखरे. ‘नुस्तें खायना?’ (मासळी खात नाही?) तिनं जरा तोऱ्यातच विचारलं. शब्द त्यांना कळले नाहीत, पण तिचं बोट बांगड्याकडं आहे हे कळलं. त्यांनी सदऱ्याच्या आतून तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली.

आजीच्या स्वतःच्या मनगटाला रोझरीची माळ गुंडाळलेली असते. तिनं काही न बोलता पान उचललं, दुसरं मांडलं, आणि भात आणि वोण दुप्पट वाढलं.

(मधुमेह्याला दुप्पट वोण! पण हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.)

जेवणानंतर चौघे परत गेले. काकांना उठता येईना. वाड्यावर एक कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर आहे, मे महिन्यात लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना होते तेवढीच तिथं गर्दी. त्याच्या पडवीत त्यांना त्या रात्रीपुरतं झोपवलं, आणि ते तिथंच राहिले.

पुढचे दहा दिवस गावानं त्यांना भरपूर दिलं. मला यात टिंगल करायची नाही, माणसं मनापासून देत होती. पण दिलं काय, ते बघा. नाताळाचं उरलेलं गोडधोड, दोदोल आणि नेवऱ्या. बिस्किटांचे पुडे. सात शर्ट, त्यातले दोन कोटाखाली घालायचे. रविवारी चर्चची मिसा सुटली की चार घरांतून चार ताटं, आणि बुधवारी एकही नाही, कारण प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्यानं दिलं असेल. तरुणांच्या गटानं एका संध्याकाळी त्यांना नवी चादर पांघरली, फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला. कोणीतरी तो काकांनाच कौतुकानं दाखवला. दुसऱ्या दिवशी पडवी रिकामी. दोन दिवसांनी ते म्हापशाच्या स्थानकावर सापडले. ‘माझ्या गावात कुनी बघितला तर?’ एवढंच म्हणाले. उजव्या हातानं काय दिलं ते डाव्यालाही कळू नये, या अर्थाचं वचन मत्तयच्या शुभवर्तमानात आहे आणि त्या मुलांना ते पाठ होतं. पण मोबाइल कुठल्या हातात धरायचा, हे त्यात लिहिलेलं नाही.

शेजारच्या घरातून वेगळीच तक्रार आली. हा घाटी रात्री एकटाच बडबडतो, वेडा आहे, पोलिसांना कळवा. ‘घाटी’ हा शब्द गोव्यात किती सहज तोंडात येतो ते इथल्या मराठी माणसाला सांगायला नको, आणि आपणही तो तिसऱ्यासाठी वापरतो हेही. कायद्यापुरतं सांगायचं तर, रस्त्यावर भटकणारा माणूस खरंच मनोरुग्ण असला, तरी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 प्रमाणे पोलिसांनी त्याला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचं असतं. कोठडीत ठेवायचं नसतं. त्याला घर नसेल किंवा घरच्यांशी संपर्क नसेल, तर घरच्यांचा शोध घेणंही पोलिसांचंच काम. पण इथं आजारच नव्हता. काका रात्री हरिपाठ म्हणत होते. हे आधी ओळखलं ते गावच्या फादरनी. ते रायतूरच्या सेमिनरीत, पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, शिकलेले. 1616 साली त्याच रायतूरला फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांमध्ये छापली होती, आणि त्यातल्या चारदोन ओव्या या फादरना येतात. ‘वेडा नाही तो, त्याची संध्याकाळची प्रार्थना चालली आहे,’ असं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं. शेजारी म्हणाला, मग हळू म्हणू दे.

मला फोन केला तो सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीच्या दोन अंकलनी. दोघेही सत्तरीच्या पुढचे, एक जण निवृत्त तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेले, दुसरे टपाल खात्यातले. ही सोसायटी 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांबरोबर सुरू केली. तिची पद्धत साधी आहे. गरजूच्या दारी जोडीनं जायचं, एकट्यानं नाही. पैसे टाकून यायचं नाही, बसायचं, ऐकायचं. बैठकीत एक कापडी पिशवी फिरते, तीत प्रत्येकानं हात घालायचा. कोणी किती टाकलं ते दिसत नाही, आणि काहीच टाकलं नाही तेही दिसत नाही. मला त्या पिशवीचं फार अप्रूप आहे.

मी पहिल्यांदा पडवीत गेले तेव्हा तारवटी अंकल काकांच्या टाचेखाली उशी सरकवत होते आणि दोघे एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत होते. एकाचं दुसऱ्याला निम्मं कळत असेल. मी मराठीत नाव विचारलं. काकांनी नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग गावाचं, मग गावातल्या पेठेचं. अकरा दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. खरं तर विचारलं असेल, पण उत्तरासाठी कोणी थांबलं नव्हतं.

गोव्यात हे काम नवं नाही, हे अंकलचं आवडतं वाक्य. 6 मे 1542 ला फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले ते मानाच्या मुक्कामी न जाता इस्पितळात राहिले, कैद्यांकडं आणि महारोग्यांकडं जाऊ लागले. त्याच्याही आधी, 1498 मध्ये लिस्बनला स्थापन झालेल्या मिझेरिकॉर्दिया या गोरगरिबांसाठीच्या संस्थेच्या धर्तीवर गोव्यात सांता काझा आलं होतं. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट, मेलेल्याला मूठमाती, ही दयेची सात कामं म्हणजे त्या संस्थेच्या कामाचा पायाच. यातली पहिली सहा मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातली, सातवं नंतर जोडलेलं. म्हापशाच्या जुन्या इस्पितळाला लोक अजून आझिलो म्हणतात, तोही आसरा या अर्थाचा पोर्तुगीज शब्द. हे सगळं खरं. पण याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही होतं, हे मी अंकलना म्हटलं. ते म्हणाले, ‘आसलें. तेंय आमचेंच.’ यावर मला पुढं काही बोलता आलं नाही.

आता प्रकरणाचा कणा. आम्ही काकांना एका सरकारी दवाखान्यात नेलं. साखर साडेतीनशेच्या वर. जखम खोल, पण हाडापर्यंत गेलेली नव्हती. खिडकीवर कागदपत्रांचं ठरलेलं रामायण झालं. गोव्याची आरोग्य योजना किमान पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यांसाठी आहे, आणि 2018 च्या जानेवारीपासून बाहेरच्या रुग्णांना बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात शुल्क लागू झालं, तेव्हा आमच्या सिंधुदुर्गात आंदोलन पेटलं होतं, म्हणून हा विषय मला घरचाच. पैसे पिशवीतून भरले. पण तरुण डॉक्टर गोळी वाढवायला तयार होईना. त्याचं म्हणणं सरळ होतं. गोळी वाढवली आणि हा माणूस उपाशी राहिला, तर साखर धाडकन खाली येईल, पडवीत बेशुद्ध पडेल, सकाळपर्यंत कोणाला कळणारही नाही. ‘याचं जेवण रोज ठरल्या वेळी होईल, याची हमी कोण देतो?’

त्या प्रश्नानं मला तरी गावाच्या दयेकडं वेगळं बघायला लावलं. दहा दिवस गाव जे देत होतं त्यानं काकांची साखर वाढत होती, आणि जे दिवस चुकत होते त्यानं औषध अडत होतं. जेवण पिशवीभर असून भागत नाही, ते साडेबाराला पाहिजे. भिकाऱ्यांचं जेवण ही रीत सुंदर आहे, पण ती एका दिवसाची आहे आणि तिचे खरे लाभार्थी मेलेले असतात. जिवंत माणसाला दुसऱ्या दिवशीही भूक लागते.

कपेलाच्या पायरीवर बसून अंकल घरं मोजत होते. सात घरं, सात दिवस, दुपारचं जेवण आणि रात्रीचा डबा. मी म्हटलं, हे तर वार लावून जेवणं झालं. त्यांना शब्द माहीत नव्हता. मी सांगितलं, आमच्याकडं गरीब विद्यार्थी शिकायला परगावी यायचे, सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी, असं आठवडाभर जेवायचे. माझे आजोबा सावंतवाडीत असेच जेवून शिकले. सांगताना मी जरा फुशारलेच होते. काका ऐकत होते. ते हसले.

‘म्हंजे बामनाची पोरं जेवायची तसं का? आमाला कुठलं वो ताई वार. आमच्या बाला कुनी ओसरीवर घेत नव्हतं.’

मी आजोबांची गोष्ट शेकडो वेळा सांगितली आहे. तिच्यातल्या सात घरांनी कोणाला घेतलं नसतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. काका मात्र खुशीत होते. आता बासष्टाव्या वर्षी आपल्याला वार लागणार, आणि ते किरिस्तावांकडं, याची त्यांना गंमत वाटत होती. तोपर्यंत ते ताट घेताना मान खाली घालायचे. ‘भिकाऱ्यांचं जेवण’ या नावाचा अर्थ कळल्यापासून तर ते नीट बोलतही नव्हते. वार लागल्यावर मात्र सकाळी विचारू लागले, आज कुणाचा वार?

रविवार आजीचा. सोमवार दोन निवृत्त शिक्षिका बहिणींचा. मंगळवार चौकातल्या विधवा बाईंचा, ज्यांची दोन्ही मुलं इंग्लंडात स्विंडनला असतात. बाकीची घरं सांगत बसत नाही. मासे-मांस नको एवढं सगळ्यांना कळवलं होतं. सोलापूरच्या माणसाला उकडा तांदूळ घशाखाली उतरेना, भाकरी मागायचे. कोणाला येत नव्हती. शेवटी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची पोय, कोंड्याची, त्यांना मानवली. आळसांद्यांची, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची आमटी आवडली. एकादशीला उपास आणि गोळी यांचं जमवताना डॉक्टर वैतागले. मग उकडलेली रताळी, दही आणि शेंगदाणे यावर तह झाला. त्या बुधवारच्या घरातली बाई म्हणाली, आम्ही लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी मांस सोडतो आणि उपास झाला म्हणतो, हा बघा.

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झालाच. शुक्रवारच्या घरी मयत झाली, सगळे तिकडं गेले, कळवायचं राहिलं. काकांनी गोळी घेतली होती. संध्याकाळी पोदेर भोंपू वाजवत आला तर हे घामानं निथळत, हात कापत, भिंतीला टेकलेले. त्यानं शेजारच्या दारातून मूठभर साखर मागून तोंडात घातली. शेजारचं दार म्हणजे ‘हळू म्हणू दे’वाल्याचं. त्यानंतर कपेलाच्या पडवीत खिळ्याला दोरीनं एक शाळेची वही टांगली. तारीख, घर, जेवणाची वेळ, गोळी, ड्रेसिंग, सही. जेवण झाल्याशिवाय गोळी नाही, आणि दीडपर्यंत सही नसली तर जो कोणी वही बघेल त्यानं अंकलना फोन करायचा. पहिल्या पानांवर काकांची सही नाव कोरल्यासारखी आहे, शेवटच्या पानांवर ती घाईची, सराईत.

आधारचं काम असंच. नंबर आठवत नव्हता. केंद्रावर बोटांचे ठसे उमटेनात, चाळीस वर्षं सूत हाताळून कातडी गुळगुळीत झालेली. डोळ्यांच्या बुबुळांवर काम झालं. पगाराचं काहीही झालं नाही. ठेकेदाराचा कागदच नव्हता.

माझ्या चुलत भावानं दोडामार्गाहून फोन केला, बाटवतील त्याला, लक्ष ठेव. ठेवलं. अकरा आठवड्यांत एकदा बाहेरून आलेल्या एका प्रार्थनावाल्या बाईंनी काकांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली. ती संपल्यावर काकांनीही त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘पांडुरंग बरं करील’ म्हणाले. बाई पुन्हा आल्या नाहीत.

चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. काकांचा एक मुलगा पुण्यात असतो. त्याला कळवू नका, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मी ते मदत करणाऱ्या आमच्या गटाला सांगितलं होतं. पण बाप आणि लेकाची भेट घडवण्याचा मोह चांगल्या माणसांना आवरत नाही. उधळ्या पुत्राची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसांना तर नाहीच. गटातल्या एकानं मुलाला फेसबुकवर शोधलं आणि काकांना न विचारता फोन केला. मुलगा नीट बोलला. दोन हजार रुपये पाठवले. आला नाही. त्या रात्री वहीत डब्यापुढं सही नाही. गटातला तो माणूस दुसऱ्या दिवशी काकांपुढं बसून रडला, आणि काकाच त्याची समजूत घालत होते.

मार्चअखेर जखम भरली. मोहोळजवळ काकांची बहीण आहे, तिचा पत्ता त्यांनी स्वतःच एक दिवस सांगितला. कधी सांगायचा हे त्यांनी ठरवलं होतं. भाचा रात्रीच्या बसनं आला. सोमवारी संध्याकाळी दोघे निघाले. आजीनं पोयांची पिशवी दिली, अंकलनी गोळ्यांची चिठ्ठी तीनदा समजावली, आणि काकांनी वहीत त्या दिवसाची सही करून ती परत खिळ्याला अडकवली. त्यानंतर दोनदा फोन आला. आता तो नंबर लागत नाही.

मंगळवारी सकाळी नऊला मला चौकातल्या बाईंचा फोन आला. काका गेल्याचं त्यांना माहीत होतं, तरी आळसांदे रात्रीच भिजत घातले होते म्हणाल्या. मी म्हटलं, फ्रिजमध्ये ठेवा. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हजो मंगळार रिकामो आसा. तुज्या इस्पितळांत कोण आसा?’